रजनीकांतचा गल्ला कसा वाचायचा: पहिला गुरुवार आणि पुढचा सोमवार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. रजनीकांतने पंचाहत्तरी गाठली, तरी २०२५ च्या 'कुली'ने जगभरात ५०० कोटींच्या वर गल्ला जमवल्याचे आकडे आले. मग धंद्यातले लोक त्याच चित्रपटाबद्दल हातचं राखून का बोलतात? त्याच्या दीड वर्ष आधी 'लाल सलाम' सपशेल आपटला. मग या माणसाची ओढ खरी, की नुसता पहिल्या दिवसाचा गलबला? आणि माणूस मूळचा गायकवाड, तर महाराष्ट्रात त्याचा धंदा एवढा बेताचा का?

इथे तीन गोष्टी एकमेकांत गुंतल्या आहेत. नट लोकांना टॉकीजच्या दारापर्यंत आणतो. चित्रपट त्यांना सोमवारनंतरही येत ठेवतो. आणि चित्रपट विकला किती रुपयांना, यावर नफा कुणाला आणि तोटा कुणाला ते ठरतं. गल्ल्याच्या एका आकड्यात या तिन्ही गोष्टी असतात आणि तो तिन्ही लपवतो. वितरणाचा हिशोब करताना आम्ही आधी हा आकडा फोडतो.

तामिळनाडूत मल्टिप्लेक्सच्या तिकिटाची मूळ किंमत १५० रुपयांवर बांधलेली आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे २७ रुपये. स्थानिक संस्थांचा करमणूक कर तमिळ चित्रपटांना ८ टक्के होता, तो २०२५ मध्ये ४ टक्के झाला, म्हणजे ६ रुपये. प्रेक्षकाच्या खिशातून १८३ रुपये जातात आणि टॉकीजकडे १५० उरतात. १०० कोटी ग्रॉस (प्रेक्षकाने दिलेली पूर्ण रक्कम) म्हणजे साधारण ८२ कोटी नेट (कर वजा जाता उरलेली), ते असं. मोठ्या चित्रपटाला तिथे पहिल्या आठवड्यात वितरकाचा वाटा नेटच्या ६० ते ७० टक्क्यांपर्यंत जातो आणि पुढे उतरत जातो. हा दर गाव, टॉकीज आणि वितरक-मालकाचे संबंध यांवर बदलतो, त्यामुळे सगळीकडे लागू होईल असा एक आकडा सांगता येत नाही. सरासरी ६० धरला तर ८२ कोटींतून वितरकाच्या हाती ४९ कोटी येतात. त्यातून स्थानिक जाहिरात आणि डिजिटल प्रक्षेपणाचा खर्च वजा करा. राज्याचे हक्क त्याने ५५ कोटींना घेतले असतील, तर पोस्टरवर '१०० कोटी' झळकत असताना तो खड्ड्यात असतो. ४० कोटींना घेतले असतील, तर त्याच गल्ल्यात तो सुखाने झोपतो. चित्रपट तोच, नट तोच, गर्दीही तेवढीच.

हाच हिशोब गावाच्या पातळीवर जास्त स्वच्छ दिसतो. समजा ६०० खुर्च्यांचं एकपडदा टॉकीज आहे, दिवसाला चार खेळ आहेत आणि कर वजा जाता तिकिटामागे १०० रुपये उरतात. पूर्ण भरलं तर दिवसाचं नेट २ लाख ४० हजार. चित्रपट गुरुवारी लागला आणि रविवारपर्यंत चारही दिवस हाउसफुल गेले, तर ९ लाख ६० हजार. ६५ टक्क्यांनी वितरकाचा वाटा होतो ६ लाख २४ हजार. आता मालकाने वितरकाला १२ लाखांची मिनिमम गॅरंटी, म्हणजे परत न मिळणारी आगाऊ रक्कम, भरली असेल, तर ५ लाख ७६ हजार अजून वसूल व्हायचे आहेत. पुढे वाटा ५५ टक्के धरा, म्हणजे आणखी साडेदहा लाखांच्या आसपास नेट लागेल. तिकिटं जवळपास १०,५००. सोमवारपासून ३० टक्के खुर्च्या भरत राहिल्या तर त्याला साडेचौदा दिवस लागतात. ५० टक्के भरल्या तर नऊ दिवसांच्या आत काम होतं. १५ टक्क्यांवर आलं तर एकोणतीस दिवस लागतात, आणि तमिळ चित्रपट बहुधा चार आठवड्यांत ओटीटीवर येतो. रजनीकांतचाच 'जेलर' १० ऑगस्ट २०२३ ला लागला आणि ७ सप्टेंबरला घरोघरी पोहोचला. म्हणजे तिसऱ्या बाबतीत गॅरंटी फिटण्याआधीच चित्रपट लोकांच्या मोबाइलवर आलेला असतो.

या उदाहरणात पहिले चार दिवस मी तिन्ही वेळा सारखेच धरले, आणि रजनीकांतची ताकद नेमकी ती आहे. पन्नास वर्षांच्या कारकिर्दीनंतरही पहिले तीन-चार दिवस तो जवळजवळ खात्रीने देतो. त्या वयाच्या दुसऱ्या कुठल्याही भारतीय नायकाबद्दल हे इतक्या ठामपणे म्हणता येणार नाही. पाचव्या दिवसापासून मात्र त्याचं नाव पुरत नाही. त्यालाच काय, कुणालाच पुरत नाही.

'चाहते संघटना ठोकमध्ये तिकिटं घेतात, म्हणून हाउसफुल दिसतं' हे तुम्ही ऐकलं असेल. थोडं गणित करून बघा. तामिळनाडूत हजारभर पडदे आहेत. त्यातल्या ६०० पडद्यांवर पहिला खेळ पूर्णपणे चाहत्यांनी उचलला आणि पडद्यामागे ५०० खुर्च्या धरल्या, तरी होतात ३ लाख तिकिटं. दीडशे रुपयांनी साडेचार कोटी. शेकडो कोटींच्या गल्ल्यात हा आकडा कुठेच लागत नाही. शिवाय जानेवारी २०२३ नंतर तिथे पहाटेच्या खेळांना परवानगी मिळत नाही. 'जेलर' आणि 'कुली' दोन्हींचे पहिले खेळ राज्यात सकाळी नऊला लागले, शेजारच्या राज्यांत त्याआधीच सुरू झाले होते. चाहत्यांचे खेळ वातावरण तापवतात, फटाके आणि कटआउटवरचा दुधाचा अभिषेक बातमीत येतो आणि त्याचा उपयोग होतोच. गल्ला मात्र शुक्रवारच्या दुपारी आणि शनिवारच्या संध्याकाळी पोरंबाळं, आजी-आजोबा घेऊन येणारं कुटुंब भरतं. एक चाहता एक तिकीट घेतो, एक कुटुंब पाच.

म्हणून ओढ कशी टिकली याचं उत्तर या कुटुंबात शोधावं लागतं. १९७५ मध्ये दिग्दर्शक के. बालचंदर यांनी त्याला पडद्यावर आणलं. त्यानंतर काही वर्षं तो वर्षाला ढिगाने चित्रपट करत होता. १९७८ च्या 'भैरवी'च्या प्रसिद्धीत त्याच्या नावामागे 'सुपरस्टार' लागलं, आणि ते लावणारे कलैपुली थाणू वितरणातले होते. ही पदवी टॉकीजच्या धंद्यातून आली आहे, समीक्षकांकडून नव्हे. १९९५ मध्ये 'बाशा' आणि 'मुत्तू' एकाच वर्षी आले आणि मग त्याने वेग एकदम कमी केला: १९९७ 'अरुणाचलम', १९९९ 'पडयप्पा', २००२ 'बाबा', २००५ 'चंद्रमुखी', २००७ 'शिवाजी', २०१० 'एन्दिरन'. दोन-तीन वर्षांतून एक. माझ्या मते त्याच्या टिकण्याचं सर्वांत मोठं व्यावसायिक कारण हे अंतर आहे. चित्रपट सणासारखा झाला, आणि सणाला लोक परीक्षण वाचून जात नाहीत.

या मधल्या रिकाम्या वर्षांत प्रेक्षक त्याला विसरले नाहीत, कारण टीव्ही होता. 'बाशा' आणि 'पडयप्पा' तमिळ वाहिन्यांवर वर्षानुवर्षं लागत राहिले. ज्या मुलाचा जन्म १९९५ नंतरचा, त्याला 'बाशा'चे संवाद पाठ असतात ते घरच्या टीव्हीमुळे. आजोबांनी तरुणपणी टॉकीजमध्ये पाहिलेला, वडिलांनी कॉलेजात असताना शिट्ट्या मारलेला आणि नातवाने सोफ्यावर बसून पाठ केलेला नट एकच. त्यामुळे नव्या चित्रपटाचं तिकीट काढताना घरात वाद होत नाही. नव्या नायकाला ही सोय नसते. तो घरातल्या एका माणसाला पटवतो आणि बाकीच्यांना ते माणूस पटवतं.

दिवसांच्या विक्रमांकडे मात्र जपून बघा. 'चंद्रमुखी' चेन्नईच्या शांती टॉकीजमध्ये आठशेहून अधिक दिवस चालला, हे खरं आहे. पण चित्रपट शिवाजी प्रॉडक्शन्सचा होता आणि शांती टॉकीज त्याच शिवाजी गणेशन घराण्याचं. स्वतःच्या टॉकीजमध्ये दिवसाला एक खेळ लावून ठेवणं मालकाच्या हातात असतं. चित्रपट प्रचंड चालला यात शंका नाही, पण त्याचा पुरावा पहिल्या पन्नास दिवसांत बाहेरगावच्या टॉकीजांतल्या भरलेल्या खुर्च्या आहेत. तसंच 'पडयप्पा'चे कोटी आणि 'जेलर'चे कोटी शेजारी मांडू नका. मल्टिप्लेक्सचं कमाल तिकीटच २०१७ पर्यंत १२० रुपये होतं. दोन काळांची तुलना करायची तर गल्ल्याला त्या काळच्या सरासरी तिकिटाने भागा आणि माणसं मोजा. कराचंही तेच. २००६ पासून तमिळ नाव असलेल्या चित्रपटाला करमणूक कर माफ होता, 'रोबोट' म्हणून ओळखला जाणारा चित्रपट 'एन्दिरन' नावाने लागला त्यामागे हे कारण सांगितलं जातं. करमाफीच्या काळात ग्रॉस आणि नेट यांत फरकच कमी होता.

आता जी गोष्ट बाहेरून फारशी दिसत नाही, पण माझ्या दृष्टीने निम्मं उत्तर तिच्यात आहे. टॉकीजवाला मोठ्या चित्रपटासाठी दोन प्रकारे पैसे देतो. एक मिनिमम गॅरंटी: वसुली झाली नाही तर तोटा त्याचा. दुसरा अ‍ॅडव्हान्स: तूट आली तर वितरकाने परत करायची. प्रत्यक्षात ही तूट रोख परत येतेच असं नाही, बहुतेकदा 'पुढच्या चित्रपटात बघू' यावर भागतं. म्हणजे पुढचा चित्रपट येणार आहे आणि समोरचा शब्द पाळणार आहे, या विश्वासावर गॅरंटीची रक्कम ठरते. 'बाबा' पडला तेव्हा रजनीकांतने वितरकांचं नुकसान भरून दिलं. तोट्याची भरपाई नटाने स्वतःहून करणं हे धंद्यात तोवर फारसं घडलेलं नव्हतं. तीन वर्षांनी 'चंद्रमुखी' आला तेव्हा टॉकीजवाल्यांनी हात आखडता घेतला नाही, त्याला हे एक कारण आहे. डिसेंबर २०१४ च्या 'लिंगा'च्या वेळी उलटा अनुभव आला. चित्रपट चढ्या भावाने विकला गेला, वसुली झाली नाही, वितरक उपोषणाला बसले आणि वाटाघाटींनंतर नुकसानीचा काही भाग परत मिळाला. 'दरबार'च्या वेळीही तक्रार झाली. दोन्ही वेळा पहिले दिवस वाईट नव्हते. पहिल्या दिवसांची गर्दी बघून सगळ्या दिवसांचा भाव लावला गेला होता, चूक तिथे होती.

'लाल सलाम'चं कोडं याहून सोपं आहे. फेब्रुवारी २०२४ च्या या चित्रपटात नायक विष्णू विशाल आणि विक्रांत होते, रजनीकांतची भूमिका लांबवलेली पाहुणी होती. २००८ मध्ये 'कुसेलन'ला हेच झालं होतं: पोस्टरवर तो मोठा, कथेत पशुपती हा नट मुख्य. दोन्हींवरून एकच दिसतं की लोक नुसत्या नावासाठी तिकीट काढत नाहीत. त्यांना तो पूर्ण लांबीचा, कथा खांद्यावर घेतलेला हवा असतो. हे प्रेक्षकाला ट्रेलरवरून कळतं, वितरकाला मात्र करारातला 'विशेष भूमिका' हा शब्द वाचून कळायला हवं. पाहुण्या भूमिकेचा चित्रपट मी त्याच्या पूर्ण चित्रपटाच्या एक चतुर्थांश भावालाही घेऊ नका म्हणेन.

'जेलर' का टिकला आणि 'कुली' तेवढा का नाही, हे शेजारी ठेवून बघण्यासारखं आहे. 'जेलर'मध्ये तो निवृत्त अधिकारी आहे, घरात नातू आहे. वय लपवलेलं नाही, कथेचं बळच त्या वयात आहे. कुटुंबाला सोबत बसून बघता येतो आणि स्वातंत्र्यदिनाची सुट्टी सहाव्या दिवशी येऊन मिळाली, म्हणजे नेमकी घसरण सुरू व्हायची तेव्हा. 'कुली' १४ ऑगस्टला लागला, सुट्टी दुसऱ्याच दिवशी, मग शनिवार-रविवार. सगळी सुट्टी पहिल्या चार दिवसांत खर्च झाली, त्यामुळे सलामी डोळे दिपवणारी आणि सोमवारची उतरण तेवढीच तीव्र. त्याच दिवशी 'वॉर २' लागल्याने तेलुगू आणि हिंदी भागांत पडदे वाटले गेले. आणि सर्वांत महत्त्वाचं, 'कुली'ला 'ए' प्रमाणपत्र मिळालं. अठराच्या आतल्या मुलांना प्रवेश नाही. मी वर पाच तिकिटांचं कुटुंब म्हणालो, त्यातली फक्त दोन तिकिटं बुडत नाहीत, बहुतेक वेळा पाचही बुडतात, कारण पोरांना घरी ठेवून आई-वडील मॅटिनीला येत नाहीत. तीन पिढ्यांवर उभ्या असलेल्या नटाच्या बाबतीत हे प्रमाणपत्र सोमवारच्या गल्ल्यावर सरळ घाव घालतं. असा चित्रपट विकत घेताना सेन्सॉरचा निकाल येईपर्यंत भाव पक्का करू नये, निदान करारात तशी अट घालून घ्यावी.

दोन्ही चित्रपटांत आणखी एक जुळवणी दिसेल. 'जेलर'मध्ये मोहनलाल, शिवराजकुमार, जॅकी श्रॉफ होते. 'कुली'त नागार्जुन, उपेंद्र, सौबिन शाहिर, आमिर खान. ही नटांची यादी नकाशा समोर ठेवून केलेली असते: एक चेहरा केरळसाठी, एक कर्नाटकसाठी, एक तेलुगू राज्यांसाठी, एक उत्तरेसाठी. त्या त्या भागाच्या वितरकाला स्थानिक पोस्टर मिळतं आणि हक्कांचा भाव वाढतो. त्यामुळे तामिळनाडूबाहेरचा सगळा गल्ला एकट्या रजनीकांतच्या खात्यावर लिहू नका. तामिळनाडू, सिंगापूर, मलेशिया आणि आखाती देशांतले तमिळ प्रेक्षक हे त्याचं स्वतःचं घर. जपानही काही प्रमाणात त्याचंच म्हणावं लागेल. 'मुत्तू' १९९८ मध्ये टोकियोच्या शिबुया भागातल्या एका टॉकीजमध्ये २३ आठवडे चालला होता, तोही कुठल्या पाहुण्याच्या आधाराविना.

तुम्हाला स्वतः पारख करायची असेल तर पुढच्या चित्रपटाला गल्ल्याची पोस्टर बाजूला ठेवा आणि तीनच गोष्टी बघा. पहिल्या सोमवारी दुपारच्या खेळाला तिरुनेलवेली, सेलम, मदुराई अशा चेन्नईबाहेरच्या गावांत बुकिंगच्या नकाशावर किती खुर्च्या गेल्यात, रात्रीच्या खेळाला नव्हे, दुपारच्या, कारण तेव्हा कुटुंबं येतात. सोमवारचा गल्ला पहिल्या शुक्रवारच्या निम्म्याच्या आसपास आहे का. सुट्टी मध्ये आली असेल तर त्याऐवजी दुसरा शुक्रवार बघा. आणि दुसऱ्या आठवड्यात खेळांची संख्या किती कापली, कारण टॉकीजवाला कुणाच्याही प्रेमापोटी रिकामा खेळ चालवत नाही.

महाराष्ट्राचं उत्तर द्यायचं राहिलं. गायकवाड घराणं मूळचं पुरंदर तालुक्यातल्या मावडी कडेपठारचं, याचा आपल्याकडे अभिमान आहे आणि तो असावाच. पण तिकीट भाषेवर निघतं, आडनावावर नाही. त्याचा जन्म बंगळूरचा, पडद्यावरची भाषा तमिळ. मुंबईत त्याचा हक्काचा प्रेक्षक माटुंगा, शीव, धारावी, चेंबूर भागांतला तमिळ भाषक. माटुंग्याचं अरोरा टॉकीज त्यांच्यासाठी पहाटेचे खेळ लावायचं ते काही उगाच नाही. हिंदीत 'अंधा कानून', 'चालबाज', 'हम' यांत तो होता, पण दुसऱ्या मोठ्या नावांच्या जोडीने. हिंदी प्रेक्षकाला एकट्या रजनीकांतसाठी टॉकीजला जायची सवय कधी लागलीच नाही. 'काला'ची गोष्ट धारावीत घडते, समोर नाना पाटेकर, तरी हिंदी आवृत्तीला त्या मानाने गर्दी झाली नाही. '२.०' हिंदीत चालला, पण तिथे अक्षय कुमार आणि थ्रीडीचा तमाशा दोन्ही होते.

आणि एक अगदी रोखठोक अडचण आहे. देशभरच्या मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्या हिंदी आवृत्ती लावण्यासाठी टॉकीज आणि ओटीटीमध्ये आठ आठवड्यांचं अंतर मागतात. तमिळ निर्माता ओटीटीकडून जास्त पैसे घेऊन चार आठवड्यांचा करार करतो. मग पुणे-नाशिक-नागपुरात त्या साखळ्यांत फक्त तमिळ आवृत्ती लागते आणि हिंदी आवृत्ती उरलेल्या एकपडदा टॉकीजांत आणि छोट्या मल्टिप्लेक्सांत जाते. तुमच्या गावात रजनीकांतचा नवा चित्रपट हिंदीत दिसत नसेल, तर मागणी नाही असं समजण्याआधी तो ओटीटीवर किती आठवड्यांनी येणार आहे ते तपासा.